मानेला घाबरू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मला स्पाँडिलायटिस झालाय, आता जन्मभर मान जपायची." तेव्हापासून माझ्या मनातून ते वाक्य जात नाही. तुझा एमआरआयचा रिपोर्ट मी नीट वाचला. मणक्यांमधली एक गादी किंचित बाहेर आलेली आहे, नस दबलेली नाही. हाताला मुंग्या नाहीत, पकड शाबूत आहे, हे तूच सांगितलंस. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या 1,211 माणसांचे एमआरआय काढले होते. 2015 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 87.6 टक्के लोकांच्या मानेत गादी बाहेर आलेली दिसली, आणि विशीतल्या मुलामुलींतही चारातल्या तिघांना हेच होतं. तेव्हा कुणी "मणक्यात गॅप आहे" म्हणालं म्हणून मानेचा पट्टा आणून बसू नकोस. गरज नसताना तो गळ्यात घालून ठेवला की आधीच दमलेले स्नायू आणखी ढिले पडतात.

आता तुझ्या डोकेदुखीबद्दल. दुखणं कवटीच्या बुडाशी सुरू होतं, नेहमी उजव्या बाजूलाच, आणि दुपारपर्यंत भुवईमागे येऊन बसतं. गाडीवर मागे वळून बघताना ते वाढतं. मानेतून येणारी डोकेदुखी बहुतेक अशीच वागते. मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळाकडून येणारी नस, या सगळ्यांचे निरोप मानेच्या वरच्या टोकाशी एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे बिघाड मानेत असला तरी मेंदूला तो डोळ्यामागे वाटतो. नॉर्वेच्या डॉ. स्योस्टाड यांनी 1983 साली या डोकेदुखीला 'सर्व्हायकोजेनिक' हे नाव दिलं. पण मायग्रेनमध्येही मान दुखते, हे विसरू नकोस. ठसठस, मळमळ, उजेड सहन न होणं हे सोबत असेल तर उपचाराची वाट वेगळी. म्हणून मी इथे मिरजेत बसून निदान करणार नाही. तुला प्रत्यक्ष तपासून घ्यावंच लागेल. चांगला फिजिओथेरपिस्ट तुला आडवं झोपवेल, हनुवटी छातीकडे नेईल आणि तशाच अवस्थेत मान दोन्हीकडे वळवून पाहील. ती साधारण 45 अंशांपर्यंत वळायला हवी. एका बाजूला लवकर अडली तर वरचा सांधा आखडलाय, हे हाताला तिथल्या तिथे कळतं.

मला खरी काळजी आहे ती तुझ्या पर्समधल्या गोळ्यांची. साधी पॅरासिटॅमॉलसारखी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा कॅफीन घातलेली मिश्र गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवायला लागते. सकाळी उठतानाच डोकं जड, म्हणून गोळी. तिचा असर उतरला की पुन्हा दुखणं, म्हणून दुसरी. ओपीडीत अशा कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. कालनिर्णयवर, गोळी घेतलेल्या प्रत्येक तारखेला पेनाने टिंब दे. महिनाअखेर ती टिंबं मोज आणि आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या थांबवल्यावर सुरुवातीचे काही दिवस डोकं जास्तच दुखतं. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरून पुन्हा पाकिटाकडे वळत नाही. मात्र हे डॉक्टरांना विचारूनच कर, कारण प्रत्येक औषध एकदम सोडायचं नसतं.

आणि मालिश. मालिशने बरं वाटतं, मलाही आवडतं. पण ते दोन दिवसांचं सुख आहे. ऑस्ट्रेलियात ग्वेन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुझ्यासारख्या डोकेदुखीच्या 200 रुग्णांवर एक चाचणी केली, 2002 साली ती छापून आली. काहींना हाताने सांधे सैल करण्याचे उपचार, काहींना हलके व्यायाम, काहींना दोन्ही, असे सहा आठवडे दिले. तिन्ही गटांना आराम पडला आणि तो वर्षानंतरही टिकून होता. व्यायाम वजनाचे नव्हते, अगदी साधे होते, इतके की लोकांचा त्यावर विश्वासच बसत नाही.

त्यातला पहिला सांगते. पाठीवर झोप, डोक्याखाली घडी केलेला पातळ टॉवेल. कुणाला हळूच "हो" म्हणतेस तशी हनुवटी गळ्याकडे ने. डोकं उचलायचं नाही. गळ्याच्या बाजूच्या जाड स्नायूंवर बोटं ठेव, ते ताठ झाले तर जोर जास्त लागतोय. काम करायला हवेत ते आत, मणक्याला लगटून असलेले स्नायू. दहा सेकंद धर, श्वास चालू ठेव, सोड. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. थरथर झाली तर सेकंद कमी कर. दुसरा खांद्याच्या पात्यांचा: बसल्या बसल्या दोन्ही पाती मागे आणि किंचित खाली ओढून दहा सेकंद धरायची. दुखण्याचा जोर उतरला की रबर बँड आणि छोटी डंबेल्स. फिनलंडमध्ये ऑफिसात बसून काम करणाऱ्या 180 बायकांवर वर्षभर चाचणी झाली. त्यातल्या काहींनी मानेचे ताकदीचे व्यायाम केले, काहींनी सहनशक्तीचे. जुनाट मानदुखी या दोन्ही गटांत चांगलीच कमी झाली. आठवड्यात सोडून दिलेल्या व्यायामाने असं काही होत नाही गं. म्हणून सहा आठवडे होईपर्यंत "फरक नाही" हे शब्द मला ऐकवू नकोस.

बसायच्या पद्धतीवर मी फार लिहिणार नाही. मोबाइलकडे वाकलं की मानेवर 27 किलोचा भार येतो, हे व्हॉट्सअॅपवर फिरणारं चित्र तूच मला पाठवलं होतंस. तो संगणकावरच्या प्रतिकृतीतला आकडा आहे, त्याने धास्ती घेऊ नकोस. वाकल्याने मान मोडत नाही. तासन्तास हललीच नाही की दुखते. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेव, कीबोर्ड वेगळा घे, आणि अर्ध्या तासाने उठून पाणी भरून आण. पालथी झोपू नकोस. दुपारचं जेवण चुकवून चहावर भागवतेस, तेही डोकं दुखायला पुरेसं आहे.

पार्लरमध्ये किंवा सलूनमध्ये मान "कडकड मोडून" देतात, ती कुणालाही मोडू देऊ नकोस. झटक्याने वळवताना मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. विरळा आहे, पण पाच मिनिटांच्या मोकळेपणासाठी हा धोका घ्यायचा नाही.

क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापासोबत ताठ मान, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, चालताना तोल जाणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं: यातलं काहीही झालं तर मला फोन करत बसू नकोस, मैत्रिणीला घेऊन थेट हॉस्पिटलात जा.

शनिवारची वेळ घेतली आहेस ना? जाताना रुंद गळ्याचा टॉप घाल, केस वर बांध. आणि "किती सिटिंग लागतील" याच्या आधी "घरी मी काय करायचं" हे विचार. उत्तरात नुसतं मशीन आणि शेक असेल, व्यायाम नसेल, तर दुसरा दवाखाना शोध. पुण्यात माझ्या ओळखीचे दोघे आहेत, नावं कळवते.

तुझी,
आई