ताळेबंदात पुस्तके कुठे लिहायची? सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
क्रीडा, युवक व सांस्कृतिक प्रवृत्ती विभाग,
गुजरात राज्य, गांधीनगर

सविनय नमस्कार.

बडोद्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचे हिशेब पाहणारे आम्ही कार्यकर्ते हे पत्र लिहीत आहोत. विषय रुक्ष वाटेल, पण तो वेळीच हाती घेतला नाही तर पुढच्या काही वर्षांत आपल्या ग्रंथालयांचे ताळेबंद आणि त्यांची कपाटे यांचा एकमेकांशी मेळ राहणार नाही.

आजवर ग्रंथालयाचा कारभार रोजमेळ (रोख जमाखर्चाची वही) आणि दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीची वही) या दोन वह्यांवर चालला. ताळेबंद व्हायचा तो सार्वजनिक न्यास कायद्याच्या अनुसूची आठसाठी, वर्षातून एकदा, सी.ए.कडून. त्यात ‘पुस्तके’ या शब्दापुढचा आकडा दरवर्षी फक्त वाढत जायचा. घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, वजा नाही; हरवलेली पुस्तके वजा नाहीत. आता अनुदान देणाऱ्या संस्था उपार्जित पद्धतीकडे, म्हणजे पैसे हलण्याची वाट न पाहता येणे-देणे ज्या वर्षाचे त्याच वर्षी नोंदवण्याकडे, वळत आहेत. नगरपालिकांसाठी २००४ साली राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिका आली, सनदी लेखापालांच्या संस्थेने स्थानिक संस्थांसाठी वेगळी मानके केली, आणि पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी तपासलेले हिशेब ऑनलाइन जाहीर करण्याची अट घातली. देणाऱ्याची पद्धत बदलली की घेणाऱ्याचीही बदलते. हा बदल आम्हाला हवा आहे. मात्र हे नियम रस्ते, गटारे आणि पंप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत, आणि अडचण तिथेच आहे.

नगरपालिकांच्या त्या नियमपुस्तिकेप्रमाणे ५,००० रुपयांहून कमी किमतीची वस्तू मालमत्तेत न धरता त्याच वर्षी खर्ची टाकायची. एखाद्या ग्रंथालयाने सरासरी ३०० रुपयांची ४०० पुस्तके घेतली, तर १,२०,००० रुपये त्या वर्षीच्या खर्चात जातात. ७,००० रुपयांचे लोखंडी कपाट मात्र मालमत्ता ठरते. म्हणजे कपाट ताळेबंदात आणि आतली पुस्तके नाहीत. खरेदीच्या वर्षी खोटी तूट दिसते, आणि पुढे पुस्तके गहाळ झाली तरी हिशेबाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण हिशेबात ती नव्हतीच. यावर उपाय आपल्याच देशात आहे. केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांच्या लेखा नमुन्यात २,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू खर्ची टाकायला सांगताना ग्रंथालयाची पुस्तके त्यातून वगळली आहेत आणि त्यांवर सरळ रेषेने, म्हणजे मूळ किमतीवर दरवर्षी सारखाच, वर्षाला १० टक्के घसारा ठरवला आहे. सार्वजनिक ग्रंथालयांनाही हेच लावावे. एकेका पुस्तकाची किंमत न पाहता ‘ग्रंथसंपदा’ हा एक वर्ग धरावा.

दुसरी अडचण देणगीची. त्याच नियमपुस्तिकेत फुकट मिळालेली मालमत्ता १ रुपयाने नोंदवायला सांगितले आहे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचा पाया सयाजीराव महाराजांनी स्वतःच्या संग्रहातून दिलेल्या सुमारे २०,००० ग्रंथांनी घातला गेला. हा नियम लावला तर तो सगळा संग्रह २०,००० रुपयांत बसेल. आमचे म्हणणे असे की देणगीचे तीन भाग करावेत. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानासारख्या योजनांतून येणाऱ्या पुस्तकांसोबत किंमत असलेली यादी येते. तीच किंमत धरून एका बाजूला ग्रंथसंपदा आणि दुसऱ्या बाजूला भांडवली अनुदान निधी (मालमत्तेच्या रूपात मिळालेले अनुदान) अशी नोंद व्हावी. आज ही पुस्तके फक्त दाखल नोंदवहीत चढतात, कारण रोख हलत नाही आणि रोजमेळात काही येत नाही. घरगुती देणगीची पुस्तके गठ्ठ्यागणिक १ रुपया धरून, सोबत संख्या लिहून घ्यावी. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखिते वेगळ्या वहीत नोंदवावीत. त्यांवर घसारा धरू नये, आणि विम्यासाठीची किंमत स्वतंत्र लिहावी.

सगळ्यात जास्त भीती आरंभीच्या शिलकेची, म्हणजे नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी पुस्तकांपुढे लिहायच्या आकड्याची, आहे. साठ-सत्तर वर्षांच्या दाखल नोंदवह्या उघडून प्रत्येक पुस्तकाची किंमत शोधायची, या कल्पनेनेच चिटणीस हात टेकतात. त्याची गरज नाही. वर्षाला १० टक्के सरळ रेषेने घसारा म्हटला की दहा वर्षांपूर्वीचे प्रत्येक पुस्तक हिशेबात शून्यावर येते. तेव्हा फक्त मागील दहा वर्षांची खरेदी काढायची. २०२१-२२ मध्ये ८०,००० रुपयांची पुस्तके घेतली असतील, तर खरेदीच्या वर्षापासून पाच वर्षांचा घसारा ४०,००० होतो आणि १ एप्रिल २०२६ रोजी ४०,००० उरतात. अशा दहा ओळींची बेरीज झाली की काम संपले. जुन्या सगळ्या संग्रहापुढे १ रुपया आणि ग्रंथांची संख्या लिहावी.

या दहा ओळी भरताना एक चूक हमखास होते. दाखल नोंदवहीत छापील किंमत असते, बिलात सूट वजा केलेली. ४०० रुपयांची ५०० पुस्तके २५ टक्के सुटीने घेतली, तर वहीत २,००,००० आणि खातेवहीत १,५०,००० दिसतात. हा ५०,००० चा फरक तपासनीसाला घोटाळा वाटतो. दाखल नोंदवहीत ‘प्रत्यक्ष किंमत’ असा एक रकाना वाढवला की प्रश्न मिटतो.

सभासदांची अनामत हे देणे आहे. बहुतेक ठिकाणी ती उत्पन्नात जमा होऊन खर्चून जाते, आणि परत मागायला माणूस आला की धावपळ होते. ६०० सभासदांचे प्रत्येकी २०० धरले तरी १,२०,००० रुपये होतात. अनुदानाचे तसेच. उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कशावर खर्चले याच्या दाखल्यात) प्रत्यक्ष दिलेले पैसे लागतात. मार्चमध्ये आलेले पण एप्रिलमध्ये चुकते केलेले बिल उपार्जित हिशेबात याच वर्षी येते, प्रमाणपत्रात येत नाही. सोबत जुळवणीचे अर्ध्या पानाचे पत्रक जोडण्याची मुभा हवी, म्हणजे पुढचा हप्ता अडणार नाही. वर्तमानपत्रे आणि मासिके खर्चातच राहावीत. दिवाळी अंकही खर्चात धरावेत. वर्षभर हातोहात फिरून ते इतके जीर्ण होतात की मालमत्ता म्हणून जपण्यात अर्थ नसतो.

मोजदादीबद्दल. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (नियम २१५) २०,००० ग्रंथांपर्यंत दरवर्षी पूर्ण, ५०,००० पर्यंत तीन वर्षांतून एकदा पूर्ण आणि त्यापुढे तीन वर्षांच्या आत नमुना मोजदाद सांगितली आहे. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचची गळती, अप्रामाणिकपणा वा हयगय नसेल तर, वाजवी मानली आहे. १,००० रुपयांवरील आणि दुर्मीळ ग्रंथांची चौकशी मात्र व्हायलाच हवी. अनुदानित ग्रंथालयांना राज्याने ही मर्यादा स्पष्ट शब्दांत द्यावी. ती नसल्यामुळे ग्रंथपाल आपल्या पगारातून वसुली होईल या धास्तीने काहीच निर्लेखित (वहीतून कमी) करत नाहीत, आणि न सापडणारी पुस्तके वर्षानुवर्षे वहीत राहतात. मोजदादीला एक माणूस कपाटापाशी आणि एक वहीपाशी लागतो. दिवसाला ४०० ग्रंथ तपासले तरी १८,००० ग्रंथांना ४५ दिवस जातात, आणि छोट्या ग्रंथालयात माणूस बहुधा एकच असतो.

म्हणून मागणी अशी. गुजरात सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, २००१ च्या चौकटीत ग्रंथालय खात्याने एकच परिपत्रक काढावे. त्यात वरील नोंदींचे नमुने आणि खात्यांची एक यादी असावी, आणि ती चॅरिटी कमिशनर, प्राप्तिकर आणि अनुदान या तिन्हींना चालावी. आज एकाच वर्षाचे आकडे तीन रूपांत लिहावे लागतात. दर तालुक्याला एक फिरता लेखनिक द्यावा, जो महिन्यातून एक दिवस प्रत्येक ग्रंथालयात बसेल. पहिली दोन वर्षे जुनी आणि नवी पद्धत बरोबरीने चालू द्यावी, आणि त्या काळातील चुकांपायी अनुदान रोखू नये. परिपत्रक १ एप्रिलपूर्वी तीन महिने हाती पडले, तर मार्चअखेरची मोजदाद नव्या रकान्यांतच करता येईल. नमुना नोंदी आम्ही मराठी आणि गुजराती दोन्हींत तयार करून देऊ.

कळावे.

आपले नम्र,
बडोद्यातील ग्रंथालय कार्यकर्ते