एवढं पळून काय झालं?

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर दर दोन वाक्यांनी तुमच्यापैकी एक जण दुसऱ्याच्या हातातून फोन काढून घेतो, त्यामुळे लांबलचक काही सांगायचं असलं की पत्रच बरं.

आई, सर गेल्याचं कळल्यावर तू म्हणालीस, "एवढं पळून काय झालं त्या माणसाचं?" आणि त्याच दमात, "आता तरी ते पहाटेचं पळणं आणि सायकलवरून ऑफिसला जाणं बंद कर." पहिल्या प्रश्नाचा मला राग आला नाही. सरांना भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न असायचा. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सर तो आपणच विचारून मोकळे व्हायचे. स्वादुपिंडाचा कर्करोग. नियमित व्यायामाने आतड्याच्या, स्तनाच्या कर्करोगाची शक्यता कमी होते, हे खरं आहे. पण शक्यता कमी होणं म्हणजे शून्य होणं नव्हे, आणि जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याला तो हिशेब झोंबतो, एवढंच.

तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत. तुमच्यापर्यंत ते पोचले ते "सरांनी सांगितलंय" या माझ्या पालुपदातून, आणि बाबा त्यावर "कोण हे सर?" म्हणून भुवया उंचावायचे. तर हे सर म्हणजे निवृत्त मास्तर. किडकिडीत, चष्म्याला मागून दोरी बांधलेली, बुटांच्या नाड्या दोनदा गाठ मारून आत खोचलेल्या. प्रशिक्षक म्हणून कागद कुठलाच नाही. मैदानावर ते यायचे, स्वतःचं पळायचे, आणि कुणी चुकीचं पळताना दिसलं की त्यांना राहवायचं नाही. त्यातूनच आमचा घोळका जमला.

मी त्यांच्या तडाख्यात सापडले ती अशीच. मी छाती फुटेस्तोवर पळत होते, कारण धाप लागली नाही तर व्यायाम झाला असं मला वाटायचंच नाही. मागून आवाज आला, "एकोणतिसाचा पाढा म्हणा!" मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी. पुन्हा आला. मी म्हणायला लागले आणि एकोणतीस त्रिकला श्वास संपला. "मग पाढा संपेल इतकं हळू पळा," असं म्हणून ते शांतपणे पुढे निघून गेले. बाबा, तो पाढा तुम्ही माझ्याकडून घोकून घेतला होता तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हटलं होतं, ते इथे लिहीत नाही. पण आमच्या सगळ्या घोळक्यात तो अडखळल्याशिवाय येणारी मी एकटी होते, आणि सरांनी माझ्याकडे लक्ष दिलं ते माझ्या पळण्यामुळे नव्हे, तुमच्या घोकंपट्टीमुळे.

पाढ्याची ही परीक्षा गंमत नव्हती. पळताना सलग बोलता येतंय तोवर शरीराला प्राणवायू पुरतोय आणि इंधनात चरबीचा वाटा मोठा आहे. बोलणं तुटायला लागलं की साठवलेल्या साखरेवरचा भार वाढतो, आणि स्नायू-यकृत मिळून ती साखर साधारण अर्धा किलोच असते. बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत तिसाव्या किलोमीटरच्या पुढे माणसं भिंतीला धडकल्यासारखी थांबतात, त्याचं मोठं कारण हेच. हळू आणि पुष्कळ पळत राहिलं की स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं. याला महिने लागतात. घाई करून ते लवकर होत नाही, फक्त पोटरी धरते.

सरांचा आदर्श होता न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड. बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. आधी सगळे प्रयोग स्वतःवर केले आणि मग आसपासच्या पोरांना तयार केलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन पोरांनी एकाच दिवशी, तासाभराच्या आत, सुवर्णपदकं मिळवली: पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये, मरे हालबर्गने ५००० मीटरमध्ये. स्नेलची शर्यत दोन मिनिटांच्याही आत संपणारी, पण लिडियार्ड त्याला दर आठवड्याला एकदा सलग बावीस मैल पळवायचा. सर हे सांगताना दर वेळी थांबायचे, म्हणजे आम्ही "पण का?" असं विचारावं. आम्ही इमानेइतबारे विचारायचो. "दम असेल तर वेग येतो. नुसत्या वेगातून दम येत नाही." मग उरलेला अर्धा तास स्नेलवर.

आठवड्यात एक दिवस मात्र ते जोरात पळवायचे, आणि त्या दिवशी दयामाया नसे. एक मिनिट कमी घेतलंत तर का, विचारायचे. एक मिनिट जास्त घेतलंत तरी का, विचारायचे. बाकीचे दिवस हळू, लांब, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. विश्रांतीच्या दिवशी मैदानावर दिसलो तर घरी पाठवायचे. मला सगळ्यात जड गेला तो हाच नियम.

सायकलचं म्हणशील तर, आई, ती त्यांनीच डोक्यात घातली असं तुला वाटतं. तसं नाही, ती आधीपासून होती, मी रखडत चालवायचे. सरांनी एकदा मला येताना पाहिलं आणि थांबवलंच. "टाच पॅडलवर ठेव. पॅडल अगदी खाली ने. पाय सरळ व्हायला हवा, कंबर न हलता." पाय अर्धवट वाकलेला होता. खिशातून किल्ली काढून त्यांनी सीट दोन बोटं वर घेतली, परत टाच, परत किल्ली. मग म्हणाले, आता टाचेऐवजी चवडा ठेव, गुडघा हवा तेवढाच वाकेल. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला जे दुखत होतं, जे मी पळण्याच्या नावावर खपवत होते, ते काही आठवड्यांत थांबलं.

त्यानंतर ऑफिसची ये-जा त्यांनी माझ्या वेळापत्रकातच घेतली. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट आदळ पायावर बसते, सायकलवर ती नाही. "हृदयाला काय, चाकं आहेत की पाय, कळत नाही. गुडघ्यांना कळतं," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे आदल्या दिवशी लांब पळणं झालेलं असलं की दुसऱ्या दिवशी फक्त सायकल, आणि तीही वारा समोरून असेल तर खालच्या गिअरवर. हट्टाने जोर लावला तर काय होतं तेही त्यांनी गणितानेच सांगितलं: वेग दुप्पट करायचा तर हवेशी झगडायला आठपट ताकद लागते. समोरच्या वाऱ्याशी भांडून दोन मिनिटं आधी पोचण्यात काय मिळवलं? घामेजलेला शर्ट. (ऑफिसात एक जोड कपडे ठेवलेले असतात, काळजी नको.)

रहदारीची तुझी भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. हेल्मेट असतं. मागचा लाल दिवा दिवसाढवळ्याही चालू असतो. वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या कुशीत, म्हणजे चालकाला आरशात दिसत नाही अशा जागी, मी कधी थांबत नाही, चार सेकंद मागे राहते. उभ्या गाड्यांपासून मीटरभर तरी अंतर ठेवते, कारण सायकलवाल्याला आडवं येतं ते बहुधा अचानक उघडलेलं दार. बाबा, इथे तुमच्याकडे एक काम आहे. नेदरलंड्समध्ये दाराजवळच्या नव्हे, लांबच्या हाताने दार उघडायची सवय लावतात. तो हात आडवा आणला की खांदा वळतो, मान मागे जाते, आणि मागून येणारी सायकल आपोआप दिसते. तुम्ही तसं करा. कुणाची तरी मुलगी सायकलवर असेलच.

आता शेवटच्या महिन्यांबद्दल. हे मी फोनवर सांगितलं नव्हतं.

सर पळायचे थांबले, पण मैदानावर यायचे थांबले नाहीत. आधी चालायचे, मग दोन फेऱ्या, मग एक. त्यांच्याबरोबर कोण चालणार हे आम्ही ठरवलं नव्हतं; जो जवळ असेल तो जाऊन मिळायचा. मी बऱ्याचदा असायचे. त्यांच्या चालीला चाल जुळवणं अवघड होतं, खरं सांगते. पाय सवयीने पुढे जातात. अर्धं पाऊल पुढे गेले की ते काही बोलायचे नाहीत, पण त्यांचा श्वास चढायचा, कारण तेही मला गाठायला बघायचे. म्हणून मी त्यांनाच बोलतं ठेवायचे. वाक्य तुटलं की थांबायचं, नाडी सुटली आहे असं म्हणून वाकायचं. माझ्या नाड्याही आता दुहेरी गाठीच्या, त्या सुटत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते थांबायचे आणि "नीट बांध" म्हणायचे.

मागे कधीतरी लांबच्या पळण्यात त्यांनी आम्हाला फ्रेड लेबोची गोष्ट सांगितली होती. न्यूयॉर्कची मॅरेथॉन उभी करणारा माणूस. १९९० मध्ये त्याच्या मेंदूत कर्करोगाची गाठ निघाली. १९९२ मध्ये तो आपल्याच शर्यतीत उतरला, आणि त्याच्या शेजारी धावली नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ. ती शर्यत तिने नऊ वेळा जिंकलेली, अडीच तासांच्या आसपास संपवणारी बाई. त्या दिवशी दोघांना साडेपाच तास लागले. ती पूर्ण वेळ त्याच्या बरोबरीने होती. लेबो १९९४ मध्ये गेला. ग्रेटेही २०११ मध्ये कर्करोगानेच गेली, ५७ व्या वर्षी. सरांनी गोष्ट सांगितली तेव्हा ते स्वतः ठणठणीत होते, आणि त्यांना त्यात कौतुक एवढंच होतं की सवयीच्या दुपटीहून जास्त वेळ रस्त्यावर राहणं तिला किती कठीण गेलं असेल. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. हळू जाण्यात कसलं आलंय कठीण, असं वाटलं होतं.

तर आई, "एवढं पळून काय झालं?" याचं माझ्याकडे उत्तर असेल तर ते आयुष्याच्या वर्षांत नाही. आजारपणातही रोज पहाटे कुणी ना कुणी त्यांच्या शेजारी चालत होतं, आणि त्यातल्या एकालाही कुणी बोलावलेलं नव्हतं.

आठवड्याचं वेळापत्रक ते रविवारी संध्याकाळी हाताने लिहून त्याचा फोटो पाठवायचे. चौकटी आखलेल्या, शेवटी एक शेरा. ते गेल्यानंतरच्या रविवारी मी नुसती बसून राहिले. दुसऱ्या रविवारी स्वतः आखलं. मनात होतं की या आठवड्यात खूप पळावं, डोकं रिकामं होईपर्यंत. लिहिताना मात्र मंगळवारच्या चौकटीत "हळू" लिहिलं गेलं, गुरुवारी "फक्त सायकल", आणि शुक्रवारी विश्रांती. तसंच पाळलं. शुक्रवारी घरी बसणं नेहमीपेक्षाही कठीण गेलं, पण बसले.

घोळका अजून जमतो. एक नवीन मुलगा आलाय, जीव खाऊन पळतो. परवा मी मागून ओरडले, "एकोणतिसाचा पाढा म्हण!" तो थांबून वळला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, येत नाही. शेवटी त्याला स्वतःचा फोन नंबर उलटा म्हणायला लावला. चालतंय.

बाबा, आता तुमचं. गुडघे झिजतात म्हणून तुम्ही चालणंही कमी केलंय, हे आईने सांगितलं. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात ३.५ टक्के आढळला, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेसाठी जोर लावणाऱ्यांमध्ये मात्र १३.३, म्हणजे सरांचा "हळू" तिथेही लागू पडतो. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, असंही त्यात थोडं असणार, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. आणि कॅनडाचा एड व्हिटलॉक घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास सावकाश फेऱ्या मारायचा. ७२ व्या वर्षी त्याने मॅरेथॉन तीन तासांच्या आत संपवली. तुम्हाला तसं काही करायचं नाहीये. रोज अर्धा तास चाला, आईशी बोलता येईल इतक्या वेगाने. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि सुरू करा.

त्यासाठी बूट मी घेऊन येते. दोन्ही पावलं कागदावर ठेवून आईला पेन्सिलने आखायला सांगा, आणि हे संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. दोन्ही पावलं, बाबा, एक नव्हे. मापात बहुतेकांच्या थोडा फरक असतो. कागदाचा फोटो पाठवला तर आकार बदलेल, म्हणून प्रत्यक्ष कागदच टपालाने पाठवा.

तुमची,
लेक

ता. क. आई, तुझीही आखून पाठव. त्यांना एकट्याला सोडलं तर ते कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतील.