शाळेकडे लेखी मागा

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांना सप्रेम नमस्कार.

चिरंजीवाला विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणे-लिहिणे शिकण्यात खास अडचण, असल्याचे निदान झाल्यावर शाळेने ‘दहावीला सवलती मिळतील, तोवर थांबा’ असे सांगितल्याचे तुमच्या पत्रातून कळले आणि लगेच लिहिल्यावाचून राहवले नाही. तो आठवीत आहे. एवढा काळ हातावर हात ठेवून बसणे त्याला परवडणारे नाही आणि कायदाही तसे सांगत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आहेत. 1995 च्या कायद्यात ते 7 होते आणि त्यांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. नव्या अधिनियमाचे कलम 16 अनुदानित शाळांप्रमाणेच शासनमान्य शाळांविषयीही आहे, त्यामुळे ‘आमची संस्था खासगी आहे’ हे उत्तर तुम्ही मान्य करू नका. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यानुसार शिकवण्याची पद्धत बदलणे, त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणे आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे हे सारे त्या कलमात आहे, आणि त्यातले काहीही दहावीच्या परीक्षेशी जोडलेले नाही. परीक्षेतील जादा वेळ, सांगितलेले उत्तर लिहून देणारा लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख पुढच्या, म्हणजे 17 व्या कलमात येतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांहून कमी आकडा आला तरी खचून जाऊ नका. उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षणासाठी ती मर्यादा आहे. लिहिण्यात खरी अडचण असलेल्या उमेदवाराला केवळ त्या मर्यादेवर बोट ठेवून लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकाश कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मी इथे अमेरिकेत ज्या सरकारी शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे, तिथे अशा प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी आराखडा असतो. पालक, वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक एकत्र बसून तो ठरवतात. मूल आज काय वाचू शकते, वर्षअखेरीस काय वाचू शकले पाहिजे, त्यासाठी आठवड्यातून किती वेळ आणि कोण शिकवणार, हे त्यात नोंदवलेले असते आणि दर वर्षी त्याचा आढावा घ्यावाच लागतो. हेही आपोआप मिळालेले नाही. 1975 च्या कायद्यापूर्वी इथल्या अनेक राज्यांत दिव्यांग मुलांना शाळेबाहेर ठेवण्याची कायद्यानेच मुभा होती, आणि त्या कायद्याच्या वेळी केंद्र सरकारने जादा खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचे जे आश्वासन दिले होते, ते आजतागायत पुरे झालेले नाही. आपल्या अधिनियमात असा आराखडा नावाने सांगितलेला नसला, तरी कलम 16 मध्ये वैयक्तिक साहाय्याचा उल्लेख आहे आणि त्याच आधारावर तुम्ही तो मागावा, असे मला मनापासून वाटते.

त्यात पहिली मागणी शिकवण्याची असू द्या. सवलतींमुळे मूल परीक्षेतून पार पडते, पण वाचायला शिकत नाही, आणि लेखनिक मिळाला म्हणजे शाळेची जबाबदारी संपली असे समजणे मला फार घातक वाटते. अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध पायरीपायरीने, भरपूर सरावासह शिकवला, तर आठवीतल्या मुलाचेही वाचन सुधारते. जोडाक्षरे आणि रफार यांवर तो अडखळतो असे वहिनींनी लिहिले आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करता येईल. सोबत वर्गातल्या सोयी मागा: फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील टिपणे, तयारी नसताना सर्वांसमोर मोठ्याने वाचायला न लावणे, विज्ञान-इतिहासाच्या उत्तरांत ऱ्हस्व-दीर्घाचे गुण न कापणे. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

लेखनिकाचा सराव आतापासून, घटक चाचण्यांपासूनच हवा. उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगणे हे वेगळे कौशल्य आहे आणि परीक्षेच्या सकाळी प्रथमच भेटलेल्या लेखनिकाबरोबर ते साधत नाही.

मुख्याध्यापकांना अर्ज द्या, सोबत निदानाच्या अहवालाची प्रत जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका. तोंडी बोलण्याचा पुढे काही पुरावा राहत नाही. उत्तर आले नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. बैठकीला चिरंजीवालाही न्या, कारण कोणत्या तासाला काय जड जाते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. अर्जाचा मसुदा या आठवड्यात मला पाठवा, मी वाचून लगेच परत पाठवते.

चिरंजीवाला अनेक आशीर्वाद. कळावे.

तुमची धाकटी बहीण