आयरिश बोलणाऱ्या गावांत राहायला घरं हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात भाषा आणि शाळा यावर बरंच येतं, ते वाचूनच हे लिहितेय. मी सहा वर्षं आयर्लंडमध्ये गॉलवेला राहते. आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारा भागातली, घरी आयरिशच बोलत मोठी झालेली. लग्नानंतर तिला गावातच राहायचं होतं पण भाड्याने घरच मिळेना, म्हणजे घरं आहेत, पण उन्हाळ्यात टुरिस्टना द्यायची म्हणून वर्षभरासाठी कोणी देत नाही, आणि वडिलांच्या जमिनीवर बांधायचं म्हटलं तर परवानगी नाही. शेवटी शहरात फ्लॅट घेतला. आता तिचा मुलगा दिवसभर पाळणाघरात इंग्रजी ऐकतो आणि गावी गेल्यावर आजी आयरिशमध्ये विचारते त्याला इंग्रजीत उत्तर देतो. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते हो.

जिथे आयरिश पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते त्या भागांना गेल्टाख्त म्हणतात, डोनेगल, मेयो, गॉलवे, केरी असे बरेचसे पश्चिम किनाऱ्याला. 2022 च्या जनगणनेत जवळपास 18.7 लाख लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे देशभरात 72 हजारच्या आसपास आणि त्यातले गेल्टाख्तमध्ये फक्त 20 हजार! शाळेत तर सगळेच शिकतात, पण भाषा टिकते ती चुलीपाशी, दुकानात, मॅचला, आणि तिथली तरुण जोडपीच निघून गेली तर बोलणार कोण?

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 1972 पासून आयरिश भाषेतला रेडिओ आहे, 1996 ला टीव्ही चॅनल आलं, 2012 च्या कायद्याने गेल्टाख्तचे 26 विभाग करून प्रत्येकाचा भाषा आराखडा तिथल्याच लोकांकडून करून घेतला. पण आराखडा राबवणारा माणूस क्लास घेईल, मुलांचे क्लब चालवेल, घर कुठून देणार?

आणि घर दिलं की काय होतं ते याच देशाने पाहिलंय. 1935 मध्ये कॉनेमाराच्या 27 कुटुंबांना पार पूर्वेला मीथमध्ये राथकार्नला जमीन आणि घरं दिली. चहूकडे इंग्रजी, तरी तिथे आजही आयरिश बोलतात. त्यांना गेल्टाख्त म्हणून मान्यता मिळायला मात्र 1967 उजाडलं, भांडावं लागलं त्यासाठी.

इकडे येणाऱ्या आपल्या मराठी लोकांना एक विनंती. गॉलवेजवळ बार्ना, मॉयकुलन भागात घर घेतलंत तर तो गेल्टाख्त आहे हे लक्षात असू द्या, मुलांना तिथल्या आयरिश बालवाडीत घाला, आणि सुट्टीपुरतं दुसरं घर तरी त्या गावांत घेऊ नका.

आपली,
एक वाचक, गॉलवे