निळ्याची पुडी

फैजपूर,
नारळी पौर्णिमा

प्रिय सुन्या,

काय भो, मोरबीच्या टाइलांत आम्हाला विसरला वाटतं! सोबत एक पुडी धाडतोय. उघडताना पंखा बंद कर. भारी बारीक आहे.

कोबाल्ट ॲल्युमिनेट आहे, तुमचा टाइलांचा नेहमीचाच निळा रंग. एरवी ऑक्साइडं दळून बाराशे-तेराशे अंशांवर तासन् तास भाजावी लागतात. माझी भंगारातून आणलेली भट्टी कशीबशी ५०० गाठते. पण तेवढंच लागतं! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटलांनी १९८८ मध्ये ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, असाच केला होता. नायट्रेटं नि युरिया चमचाभर पाण्यात विरघळवायचे, मूस तापल्या भट्टीत सरकवायची. पाणी उडतं, पाक फसफसत फुगतो नि भक्कन पेट घेतो. युरिया जळण, नायट्रेट त्याला ऑक्सिजन पुरवतं. आच हजाराच्या वर जाते, तीही आतूनच. पाच मिनिटांत मुशीत निळा फेस, बोटानं चुरावा असा हलका.

पहिल्यांदा मात्र पेटलंच नाही. श्रावणातली हवा, नायट्रेटानं ओल धरली, वजनं चुकली. तपकिरी धूर असा निघाला की आई पदर नाकाला लावून अंगणात! नायट्रोजन डायऑक्साइड होता, विषारीच. आता भट्टी पडवीत आहे. दुसऱ्यांदा मूस लहान पडली, फेस भट्टीच्या तापत्या तारेवर सांडला.

बाबांनी केळीच्या युरियाचं पोतं दाखवलं. तो निंबोळी तेल लावलेला, त्यात अनुदानाचा, शेतीपुरता. नको म्हटलं, शुद्ध विकत आणला. २० ग्रॅम ॲल्युमिनियम नायट्रेटला पावणेआठ कोबाल्ट नायट्रेट नि पावणेअकरा युरिया. हाती येतो जेमतेम पावणेपाच ग्रॅम रंग.

खिसा कापतो तो कोबाल्ट. म्हणून पुडीतल्या घाण्यात कोबाल्टाच्या चारातले तीन वाटे काढून त्याजागी मॅग्नेशियम घातलंय. दोघांची संयुजा दोन, त्यामुळे युरियाचं माप तेच राहिलं. निळा थोडा फिकटला, पण मला आवडला. धुतल्यावर पाणी गुलाबी आलं नाही, म्हणजे मोकळा कोबाल्ट फारसा उरला नसावा.

आता तुझं काम. झिलईत शंभराला पाच घाल, एका टाइलवर लाव नि तुमच्या भट्टीतून काढ. माझ्या ५०० अंशांत झिलई वितळत नाही, तिथं हा टिकतो का तेच पाहायचंय. करडा पडला तरी कळव. टाइल तडकली तर तुकडे ठेव, दिवाळीला येताना आण.

तुझा,
दिल्या