गिनीपिगला अमॉक्सिसिलिन पाठवल्याबद्दल आणि ‘छोटे पाळीव’ विभागातल्या मालाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री व पशुवैद्यकीय फोन-सल्ला विभाग

विषय : चुकीचे प्रतिजैविक दिल्यामुळे एका गिनीपिगचा मृत्यू, दुसऱ्याचा लांबलेला आजार, रक्कम परत मिळणे आणि विक्रीतील माल मागे घेणे याबाबत.

महोदय,

तुमच्या ॲपवरून फोन-सल्ला घेतला, तुमच्याच गोदामातून औषध आलं, आणि त्या औषधाने आमच्या घरातला एक गिनीपिग गेला. दुसरा वाचला, पण कसा ते खाली लिहितो. चॅटवर तक्रार केली तर ‘आपल्या लाडक्या मित्राबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असं उत्तर आलं, त्याच्याबरोबर कुत्र्याच्या बिस्किटांवर सवलतीचं कूपन आलं आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

माझं नाशकात मेडिकल स्टोअर आहे. औषधाचं खोकं कसं वाचायचं, चिठ्ठीशिवाय काय द्यायचं नाही, हे मला तुमच्या कस्टमर केअरने समजावून सांगायची गरज नाही. चिकू आणि तिळी ही दोन जनावरं माझ्या नववीतल्या मुलीची. खातं, पैसे भरणं, ऑर्डर, सगळं माझ्या नावावर आहे.

पावसाळा सुरू झाला आणि तिळी शिंकायला लागली. डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरी खपली, नाक ओलं, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट, कारण नाक ती तिथेच पुसायची. मग चिकूच्याही श्वासात बारीक कुरकुर ऐकू येऊ लागली. नाशकात कुत्र्या-मांजरांचे आणि गाई-म्हशींचे डॉक्टर भरपूर, गिनीपिग बघणारे शोधावे लागतात. तुमच्या ॲपवर ‘लहान प्राणी तज्ज्ञ, आत्ता उपलब्ध’ असं लिहिलेलं होतं. पत्नीने फोन लावला. डॉक्टरांनी वजन विचारलं, खाणं-पिणं विचारलं नाही, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं पातळ औषध दिवसातून दोनदा, पाच दिवस, असं लिहून फोन ठेवला. ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. प्राण्याच्या रकान्यात तीनच पर्याय आहेत : कुत्रा, मांजर, इतर. तिळी आणि चिकू ‘इतर’मध्ये.

माझी मुख्य तक्रार या रकान्याबद्दलच आहे. डॉक्टर चुकू शकतो, तो एक माणूस आहे. पण गिनीपिग, ससा, पोपट, कासव हे सगळे ज्या यंत्रणेत एकाच खणात पडतात, तिथे चिठ्ठी गोदामात गेल्यावर कोणाच्याही पडद्यावर लाल खूण उमटत नाही. त्या दिवशी उमटली नाही आणि परवा माझ्या पुतण्याने करून पाहिलं तेव्हाही उमटली नाही. त्याने त्याच खात्यावर नवीन प्राणी म्हणून ‘गिनीपिग’ नोंदवला आणि तेच औषध बास्केटमध्ये टाकलं. पैसे भरायच्या पानापर्यंत बिनबोभाट गेलं.

रात्री दुकान बंद करून घरी आलो तेव्हा ते खोकं फ्रीजवर होतं आणि डोस सुरू झालेले होते. आतला घडीचा कागद कोणी उघडला नव्हता. मी चष्मा लावून उघडला. मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं : ससे, गिनीपिग, हॅमस्टर, जर्बिल यांना देऊ नये. म्हणजे औषध बनवणाऱ्याला माहीत आहे. माहिती तुमच्या खोक्यातच होती, फक्त तुमच्या गोदामात आणि तुमच्या डॉक्टरांपाशी नव्हती.

यात नवीन शोध काहीच नाही. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच गटातलं, आणि पेनिसिलिन गिनीपिगला मारतं हे १९४३ मध्येच छापून आलेलं आहे. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९४० मध्ये, ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्या चमूने पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी उंदरांवर घेतली, हे जगाचं नशीब. ती गिनीपिगवर घेतली असती तर औषध तिथेच विषारी ठरून बाजूला पडलं असतं. कारणही साधं आहे. या जनावराचं पचन मोठ्या आतड्यातल्या जंतूंवर चालतं आणि त्यातले बहुतेक पेनिसिलिनला बळी पडणारे. ते मेले की क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू माजतात, विष तयार करतात, आतडं सुजतं, हगवण लागते, जनावर थंड पडतं. ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन हेही याच यादीत, तोंडावाटे दिली जाणारी सेफॅलोस्पोरिनंही. गिनीपिगला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं बाहेर काढायचीही सोय नाही.

औषध तिथल्या तिथे थांबवलं. पण तिळीच्या लेंड्या सकाळपर्यंत पातळ झाल्या होत्या, पोट तट्ट फुगलेलं. कोथिंबिरीची जुडी फ्रीजमधून काढल्याचा आवाज आला की शीळ घालणारं ते जनावर, तिने नाकाजवळ धरलेल्या काडीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच रात्री ती गेली. तुमच्या कार्यालयाच्या भाषेत हा ‘उपचाराला प्रतिसाद न मिळणे’ असेल. तुमच्या दुसऱ्या ईमेलमध्ये तेच शब्द आहेत.

आता चिकूबद्दल, कारण तुमच्या त्याच ईमेलात ‘पाच दिवसांचा कोर्स पूर्ण केल्यास संसर्ग जातो’ असंही लिहिलंय, आणि हे वाक्य तुम्ही इतर ग्राहकांनाही पाठवत असणार.

गिनीपिगचा छातीचा संसर्ग पाच दिवसांत जात नाही. शहरातल्या ज्या पशुवैद्यांकडे आम्ही चिकूला नेलं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की कमीत कमी दोन-तीन आठवडे धरा, आणि लक्षणं गेल्यावरही औषध चालू ठेवायचं. त्यांनी आधी ट्रायमेथोप्रिम-सल्फा दिलं, गिनीपिगला चालणारं. कुरकुर कमी झाली, कोर्स संपला आणि आठवड्याच्या आत परत सुरू. इथे दुसरा कोणी असता तर तेच औषध जास्त दिलं असतं. यांनी एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. दाढांची मुळं पाहिली, मधल्या कानाच्या हाडाची पोकळी पाहिली, कारण पू तिथे दडून बसला की नाक वरवर साफ होतं आणि पुन्हा वाहू लागतं. ते दोन्ही ठीक निघालं. मग नाकातला स्वॅब कल्चरला पाठवला. त्यात बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जंतू आला आणि सल्फाच्या पुढे रिपोर्टमध्ये ‘रेझिस्टंट’, म्हणजे त्या औषधाला न जुमानणारा. एन्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दोन्ही चालणारी होती. एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या वयाच्या जनावराच्या सांध्यांना बरं नाही म्हणतात, पण चिकू पूर्ण वाढलेला, त्यामुळे दोन्ही मिळून सुरू केलं, तोंडावाटे.

मेहनत औषधात नव्हतीच, खाऊ घालण्यात होती. हे जनावर फक्त नाकाने श्वास घेतं. नाक चोंदलं की ते खात नाही, आणि गिनीपिगने दिवसभर खाल्लं नाही की आतडं बंद पडायला लागतं, यकृतावर चरबी चढते. मग संसर्गाआधी उपासमारच त्याला नेते. म्हणून गोळीखाद्य मिक्सरला पीठ करून, कोमट पाण्यात भिजवून, सुईशिवायच्या सिरिंजने पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने, थेंब थेंब. घाई केली की ठसका लागून अन्न फुप्फुसात. रात्रीही उठावं लागायचं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, मुलीच्या वहीत नोंद. ९०० ग्रॅमचा चिकू ७०० वर आला होता. नेब्युलायझर माझ्या दुकानातलाच. भाजीच्या क्रेटवर टॉवेल टाकून आत सलाइनची वाफ सोडायची. पहिल्यांदा तो पाय आपटत फिरला, नंतर वाफेतच झोपायला लागला.

तो वाचला. कुरकुर अजून कधी कधी येते आणि डॉक्टर म्हणतात की फुप्फुसात जो डाग राहिलाय तो राहणार. कल्चर, दोन एक्स-रे, औषधं यांची बिलं सोबत आहेत.

आता तुमच्या बाकीच्या मालाबद्दल, कारण पिंजऱ्यात तेव्हा जे जे होतं ते सगळं तुमच्याकडून आलेलं होतं. ‘सुवासिक देवदार भुसा, गिनीपिगसाठी खास.’ देवदार, सीडर, पाइन यांच्या न भाजलेल्या भुशाचा जो वास ग्राहकाला छान वाटतो तो उडणाऱ्या तेलांचा असतो, आणि तो या जनावराची श्वासनलिका चुरचुरवतो. वर पावसाळ्यात लघवीचा अमोनिया. जंतूला आत शिरायला आणखी काय हवं? आम्ही आता जुन्या चादरी वापरतो. वास नाही, धूळ नाही.

दुसरं, तुमचं ‘ससा व गिनीपिग’ असं एकत्र लिहिलेलं गोळीखाद्य. सशाचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं, गिनीपिगचं करत नाही, माणसासारखंच. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांना प्रयोगशाळेत स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, घडवून आणता आला तो याच जनावरात. आम्हाला हे बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला होतं. गिनीपिगला वजनाच्या किलोमागे रोज साधारण १० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात ३० ते ५०. तुमच्या पिशवीवरच्या यादीत क जीवनसत्त्व हा शब्दच नाही. आणि त्याची भरपाई म्हणून तुमचं ॲप सुचवतं ‘पाण्यात टाकायचे व्हिटॅमिन थेंब’. उजेडात, उघड्या पाण्यात ते जीवनसत्त्व दिवसभरात निम्म्याहून जास्त उडून जातं, हे थेंब बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. शिवाय पाण्याची चव बदलली की गिनीपिग पाणीच कमी पितो. आमच्या डॉक्टरांनी गोळी चुरून सिरिंजने द्यायला लावली आणि रोज थोडी सिमला मिरची. सिमला मिरची तुमच्या थेंबांपेक्षा स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट मी सिद्ध करू शकत नाही म्हणून तक्रारीत धरत नाही, पण सांगून ठेवतो. हे दोघे तुमच्या मॉलमधल्या दुकानातून घेतले तेव्हा एकाच काचेच्या पेटीत सशांबरोबर होते. बोर्डेटेला सशाच्या आणि कुत्र्याच्या नाकात काही त्रास न देता राहतो आणि गिनीपिगला न्यूमोनिया करतो. ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवू नयेत, हे पाळणारे लोक एकमेकांना पहिल्याच भेटीत सांगतात.

अमॉक्सिसिलिन हे शेड्यूल एचमधलं औषध आहे. मी ते चिठ्ठी नीट न बघता दिलं तर अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक माझा परवाना काढून घेतील, आणि बरोबरच करतील. चिठ्ठीवर रुग्ण कोण आहे हे न बघता तुमच्या गोदामाने ते रवाना केलं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तुम्ही या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायला बांधील आहात. चॅटवरची ‘निकाली’ ही पोच मी मानत नाही.

मला हवंय ते असं. फोन-सल्ल्याची फी, औषध, भुसा, खाद्य आणि थेंब यांचे पैसे परत, आणि चिकूच्या उपचाराची सोबतची बिलं भरून. कूपन नको. चिठ्ठीच्या फॉर्मवर गिनीपिग, ससा, हॅमस्टर हे वेगवेगळे रकाने, आणि त्यांच्यापुढे पेनिसिलिन गटाचं औषध आलं की ऑर्डर थांबेल अशी अडवणूक. ज्या डॉक्टरांनी गिनीपिग पाहिलेला नाही त्यांच्या नावापुढचं ‘लहान प्राणी तज्ज्ञ’ काढून टाकणं. देवदार भुसा ‘छोटे पाळीव’मधून हटवणं, आणि खाद्याच्या पिशवीवरून गिनीपिगचं नाव काढणं किंवा त्यात क जीवनसत्त्व घालून तारखेसह छापणं. तारीख महत्त्वाची, कारण ते गोळीखाद्यात महिन्यागणिक कमी होत जातं.

आणि एक काम तुम्ही आजच करू शकता. ‘इतर’ या रकान्याखाली अमॉक्सिसिलिन गेलेल्या सगळ्या ऑर्डरी तुमच्या संगणकात आहेत. त्यातल्या प्रत्येक ग्राहकाला फोन करा आणि घरात कोणतं जनावर आहे ते विचारा. कोणाच्या तरी फ्रीजवर ती बाटली आत्ता असेल.

समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून नाशिक जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे तुमचं मुख्यालय कुठे आहे याने मला फरक पडत नाही. औषधाची उरलेली बाटली, खोकं आणि तो घडीचा कागद मी बॅच क्रमांकासह जपून ठेवला आहे. मागितल्यास फोटो पाठवीन, मूळ वस्तू देणार नाही.

उत्तर लेखी आणि सहीनिशी पाठवावं, दुकानाच्या वेळेत फोन करू नये.

आपला,
(नाव व ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलावर)
नाशिक

सोबत : चिठ्ठीची प्रत, ऑर्डरची बिलं, कल्चर रिपोर्ट, दोन एक्स-रेच्या प्रती, उपचाराची बिलं, चॅटचे स्क्रीनशॉट.