खापर एकट्या बचावावर नको

संपादक महोदय,

अमेरिकन बास्केटबॉलमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाची सद्दी संपली ती बचाव ढिला पडल्यामुळे, हे आमच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावरचं ठरलेलं निदान. त्यात तथ्य आहे. 2022 साली बोस्टनला 4-2 असं हरवून त्यांनी एनबीए ही तिथली व्यावसायिक लीग जिंकली, तेव्हा त्यांचा बचाव लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा होता. पुढच्या हंगामात तो थेट मध्यावर घसरला. त्यांचा बचावातला हुकमी खेळाडू धाकटा गॅरी पेटन पोर्टलँडच्या संघात गेला (असा माणूस सोडतं कोण!) आणि परक्या मैदानावरचे 41 पैकी 30 सामने हातचे गेले.

पण त्याच लीगमधला 2021 चा लेकर्स संघ बघा. बचावात अख्ख्या लीगमध्ये पहिला, तरी बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात फिनिक्सकडून गारद. त्यांचा मुख्य खेळाडू अँथनी डेव्हिसची जांघ दुखावली, तिथेच खेळ आटोपला.

मी शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरला पोरगं कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की समोरचा बाजूने सटकून लेअप (बास्केटजवळून अलगद बॉल) टाकतो. बचाव त्याला येतो. पायच उरलेले नसतात. वॉरियर्सचंही तेच: 2023 मध्ये त्यांच्या मुख्य खेळाडूंपैकी करी 35 वर्षांचा, थॉम्प्सन आणि ग्रीन 33 चे. थॉम्प्सन तर गुडघा आणि टाचेची शीर तुटल्याने सलग दोन हंगाम बाहेर होता. विशीतल्या पोरांना त्याने अडवायचं तरी कसं?

— एक क्रीडाशिक्षक, नाशिक